बायको एकाची, फुलं दुसऱ्याची

ब्लोफेल्ड हा जगातला एक नंबरचा धूर्त खलनायक. विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात तळ, अंतराळातली यानं गिळणारं यान, मांडीवर पांढरं मांजर, सगळं काही आहे. फक्त माणसं लक्षात राहत नाहीत. १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये तो जपानात जेम्स बॉण्डला समोर उभा करतो, स्वतःचं नाव सांगतो, दोघं एकमेकांना डोळे भरून बघतात. लगेच पुढचा चित्रपट १९६९चा, ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’. त्यात हाच बॉण्ड चष्मा लावून, किल्ट नेसून आल्प्सच्या शिखरावरच्या त्याच्या अड्ड्यावर पाहुणा म्हणून दाखल होतो. आणि ब्लोफेल्ड? त्याला खरोखरीचा वंशावळीचा तज्ज्ञ समजून खोली देतो.

या गोंधळाचं छापील उत्तर असं: इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत आल्प्स आधी आहे (१९६३) आणि जपान नंतर (१९६४). चित्रपटवाल्यांनी क्रम उलटा केला, पण दिग्दर्शक पीटर हंट पुस्तकाला चिकटून राहिला. पुस्तकात दोघं पहिल्यांदाच भेटत होते, म्हणून पडद्यावरही पहिल्यांदाच भेटले. ठीक. पण माझं म्हणणं, ब्लोफेल्डचं काही चुकलंच नाही. जपानमध्ये बॉण्ड होता शॉन कॉनरी आणि ब्लोफेल्ड डोनाल्ड प्लेझन्स. आल्प्समध्ये बॉण्ड जॉर्ज लॅझेनबी आणि ब्लोफेल्ड टेली सव्हालस. या दोघा भल्या माणसांची आधी गाठच पडली नव्हती, तर ओळखायचं कोणी कोणाला? त्यावर कडी म्हणजे वेषांतराच्या त्या सगळ्या प्रवेशांत लॅझेनबीचा आवाजही त्याचा नाही. तो ज्याचं सोंग घेऊन आलाय त्या सर हिलरी ब्रेचं काम करणाऱ्या जॉर्ज बेकरनं तो भरलाय. म्हणजे चेहरा नवा, आवाज तिसऱ्याचा. शेवटी बॉण्ड पकडला जातो तो तोंडावरून नव्हेच. एका घराण्याच्या कबरी कुठल्या चर्चमध्ये आहेत हे तो चुकीचं सांगतो, म्हणून.

नट बदलला की पात्राची स्मरणशक्ती जाते. पुढचं सगळं रामायण यातूनच घडतं.

ब्लोफेल्डचंच बघा. प्लेझन्सच्या आधी त्या भूमिकेत यान वेरिख नावाचा चेक नट उभा राहिला होता. त्याच्यावर चित्रीकरणही सुरू झालं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हा खलनायक कमी आणि नाताळबाबा जास्त दिसतो. काढला. प्लेझन्स आला, टक्कल, डोळ्यावरून गालापर्यंत व्रण. दोन वर्षांनी सव्हालस आला, टक्कल राहिलं, व्रण गायब, आणि बसल्या जागी हुकूम सोडणारा माणूस स्वतः स्की घालून बर्फात धावू लागला. आणखी दोन वर्षांनी ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये चार्ल्स ग्रे आला, डोक्यावर भरघोस केस, बोलण्यात क्लबातल्या साहेबाचा थाट. गंमत म्हणजे हाच ग्रे १९६७च्या चित्रपटात बॉण्डचा टोकियोतला मदतनीस होता आणि पाठीत सुरा बसून मेला होता. या खेपेला मात्र निर्मात्यांनाच लाज वाटली असावी. त्यांनी कथेतच प्लास्टिक सर्जरी आणली. ब्लोफेल्ड स्वतःसारखे तोतये तयार करवून घेतो आणि बॉण्ड त्यांना एकेक करून मारतो. निर्मात्याच्या अडचणीला कथेचा आधार देण्याची ही कला आपल्या मालिकावाल्यांनी पुढे चांगलीच आत्मसात केली: अपघात, पट्ट्या, आणि पट्ट्या सोडल्या की नवीन नटी.

आता बायको.

१९६९च्या त्या चित्रपटात बॉण्ड लग्न करतो. ट्रेसीचं काम डायना रिगनं केलंय, आणि असं केलंय की लग्न करणाऱ्याबद्दल शंका येत नाही. लग्नाच्या दिवशीच रस्त्याच्या कडेला गोळ्या येतात. लॅझेनबी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसतो आणि चित्रपट तिथंच संपतो. बॉण्डच्या साठ वर्षांत इतका उघडा क्षण फार वेळा आलेला नाही. आणि तो मिळाला कोणाला? जाहिरातींत काम करणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन मॉडेलला. सांगतात की कॉनरीनं शिवायला टाकून न नेलेला सूट त्याच्याच शिंप्याकडून उचलून अंगावर चढवला आणि हा निवडीला गेला. सूट बेतशीर बसला. भूमिकाही बऱ्यापैकी बसली होती, पण चित्रपट लागायच्या आतच साहेबांनी ‘मी पुढचा करणार नाही’ म्हणून जाहीर केलं होतं.

मग दोन वर्षांनी सूड घ्यायला कोण येतं? कॉनरी. ज्याचं लग्न झालेलंच नाही तो. ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ सुरू होतो तेव्हा बॉण्ड ब्लोफेल्डला शोधत जगभर लोकांच्या नरड्याला हात घालतोय. कशासाठी? सांगत नाही. ट्रेसीचं नाव अख्ख्या चित्रपटात एकदाही येत नाही. विधुराचा चेहरा बदलला, त्याबरोबर शोकही परत गेला. एवढंच नाही. गाडी ब्लोफेल्ड चालवत होता, पण गोळ्या झाडल्या होत्या त्याच्या उजव्या हातानं, इर्मा बंटनं. ते काम करणारी जर्मन नटी इल्झे श्टेप्पाट चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच वारली. ज्या मंडळींनी ब्लोफेल्डसाठी लागोपाठ तीन चित्रपटांत तीन माणसं उभी केली, त्यांना एका बाईच्या जागी दुसरी बाई मिळाली नाही. इर्मा बंट विषयातूनच बाद झाली. बॉण्डच्या बायकोची प्रत्यक्ष मारेकरी त्या मालिकेच्या दप्तरी आजही फरार आहे, आणि कोणी तपासाची मागणीसुद्धा केलेली नाही.

बायकोची आठवण पहिल्यांदा निघते १९७७ साली, आणि ती निघते रॉजर मूरसमोर. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधली रशियन हेर त्याची सगळी माहिती धडाधड म्हणून दाखवते, लग्नावर येते, आणि हा गृहस्थ तिला मध्येच तोडतो. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी सरकतं. मूरच्या एरवीच्या दोन भुवयांच्या अभिनयात हे क्षणभराचं काहीतरी फार मोलाचं आहे. चार वर्षांनी ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या सुरुवातीलाच मूर कबरीवर फुलं ठेवतो. दगडावर सन कोरलंय, १९६९. लग्न एकानं केलं, सूड दुसऱ्यानं उगवला, फुलं तिसऱ्यानं वाहिली.

ती कबर तिथं आली कशी, हे कळलं की आणखी मजा येते. मूर त्या वेळी पुढचा चित्रपट करणार की नाही याची घासाघीस चालू होती. नवा नट आणावा लागला तर ‘हा तोच माणूस बरं का’ हे प्रेक्षकांना पटवायला काहीतरी हवं होतं. म्हणून बायकोची कबर. नवऱ्याची ओळख पटवण्यासाठी बायकोचा मृत्यूचा दाखला जोडला, आपल्याकडे तहसील कचेरीत जोडतात तसा. शेवटी मूरचं जमलं, पण कागद तयार होता, तो वापरून टाकला.

१९८९ साली तिची पुन्हा एकदा, एका वाक्यापुरती आठवण येते. तेव्हा समोर टिमथी डाल्टन. ‘लायसन्स टू किल’मध्ये मित्राच्या लग्नात बॉण्डच्या अंगावर लग्नाची चेष्टा येते, तो तोंड पाडून निघून जातो, आणि मित्र आपल्या नव्या नवरीला हळूच सांगतो की याचंही एकदा लग्न झालं होतं. हा मित्र म्हणजे अमेरिकन हेरखात्यातला फेलिक्स लायटर. त्याचं प्रकरण ब्लोफेल्डपेक्षा वाईट आहे, कारण ब्लोफेल्ड निदान गुन्हेगार आहे, त्यानं चेहरे बदलले तर समजू शकतं. लायटर सरकारी नोकर.

१९६२च्या ‘डॉक्टर नो’मध्ये लायटर होता जॅक लॉर्ड. काळा चष्मा, ऐट कॉनरीच्या तोडीस तोड. ‘गोल्डफिंगर’साठी त्यानं पैसे आणि नावाचा मान जास्त मागितला, म्हणून गेला. त्याच्या जागी सेक लिंडर, तोही ऐनवेळी दुसऱ्या भूमिकेवरून उचलून इकडे बसवलेला. जन्मतारखेनं लिंडर लॉर्डपेक्षा लहान, दिसायला मात्र लॉर्डचा मामा. पुढच्या वर्षी रिक व्हॅन नटर, मग नॉर्मन बर्टन, मग डेव्हिड हेडिसन. मग चौदा वर्षं लायटर नाहीच. १९८७ साली जॉन टेरी, वय ३७. दोनच वर्षांनी, बॉण्ड तोच डाल्टन असताना, लायटर पुन्हा हेडिसन, वय ६२. दोन वर्षांत पंचवीस वर्षांनी म्हातारा झालेला दुसरा सरकारी नोकर मला तरी माहीत नाही, आणि या वयात तो बोहल्यावर चढतोय.

पण हेडिसनला परत का आणलं, यात खरी मेख आहे. ‘लायसन्स टू किल’ची सगळी कथा अशी: लायटरला शार्कच्या तोंडी देतात, त्याच्या नवरीला मारतात, आणि बॉण्ड नोकरी लाथाडून सूड घ्यायला निघतो. आता दर वेळी नवीन तोंड असलेल्या माणसाला शार्कनं खाल्लं तर प्रेक्षक हळहळणार कसा? कोण हा, हेच कळायला मध्यंतर होईल. म्हणून सोळा वर्षांपूर्वीचा, मूरच्या पहिल्या चित्रपटातला ओळखीचा चेहरा हुडकून आणला. दुःख व्हायला आधी तोंडओळख लागते, हे निर्मात्यांना सत्तावीस वर्षांनी उमगलं.

हा हिशेब मग त्यांनी पुढे नीट मांडला. २००६पासून लायटर एकच, जेफ्री राइट. तीन चित्रपटांत मिळून फार काम नाही त्याला, पण तोंड तेच. २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये बुडत्या जहाजात तो बॉण्डच्या हातात जीव सोडतो तेव्हा थिएटरात लोक खरंच गप्प होतात. जॅक लॉर्डपासून जॉन टेरीपर्यंतच्या सगळ्या लायटरना एका रांगेत उभं करून तोफेच्या तोंडी दिलं असतं, तरी कोणी पॉपकॉर्न खाली ठेवला नसता.

आता कोणी म्हणेल, नट बदलल्यानं पात्राचं नुकसानच होतं असं तुमचं म्हणणं. अजिबात नाही. काही वेळा नट पात्राला असं काही देऊन जातो की ते मूळ लेखकालाच मान्य करावं लागतं. फ्लेमिंगला कॉनरी सुरुवातीला पसंत नव्हता. एडिनबराच्या कामगारवस्तीतला, दूध पोचवण्याचं काम केलेला, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला गडी त्याच्या कल्पनेतल्या खानदानी हेरात बसेना. पण चित्रपट चालले आणि लेखकाचं मन वळलं. १९६४ साली आलेल्या कादंबरीत त्यानं बॉण्डचा मृत्युलेख लिहिला आणि त्यात बाप स्कॉटिश म्हणून नोंदवला: अँड्र्यू बॉण्ड, गाव ग्लेन्को. आई स्विस. पात्राचा जन्म १९५३चा, बापाचं नाव ठरलं १९६४ साली, आणि ते म्हणे नटाच्या उच्चारांवरून.

पुढचं तर आणखी मजेशीर. २०१२च्या ‘स्कायफॉल’मध्ये बॉण्ड आपल्या वडिलोपार्जित घरी जातो. धुकं, माळरान, आईबापांच्या नावाचा दगड. तो बॉण्ड कोण? डॅनियल क्रेग, इंग्लंडातल्या चेस्टर गावचा, ज्याच्या तोंडी स्कॉटिश हेल औषधालाही नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका नटाच्या जिभेचा वळसा, त्याचं दगडी घर झालं. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराच्या भूमिकेत कॉनरीलाच आणायचा विचार दिग्दर्शक सॅम मेंडिसच्या डोक्यात येऊन गेला होता. सोडून दिला, ते बरंच झालं. बॉण्डच्या घराची राखण बॉण्डच करतोय हे बघून ब्लोफेल्डसुद्धा गोंधळला असता.

मूरनं पात्राचं काय केलं यावर आमच्या पिढीचे वाद रंगत. त्याला आणताना निर्मात्यांनी ठरवूनच कॉनरीच्या खुणा पुसल्या. ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन नाही, न ढवळता घुसळलेल्या मार्टिनीची ती सुप्रसिद्ध मागणी नाही, हा बर्बन पितो आणि सिगार ओढतो. हाताचा मार कमी, तोंडाचा जास्त. आणि एक गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवत नसे: कॉनरी थकला म्हणून आणलेला हा ताज्या दमाचा गडी कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. चेहरा बदलला की वय कुठूनही मोजायला सुरुवात करता येते, हा दुसरा फायदा.

तरीही मूरचा मला आदर वाटतो, आणि तो एका लाथेमुळे. ‘फॉर युअर आइज ओन्ली’मध्ये एका मारेकऱ्याची गाडी कड्यावर अर्धी लटकतेय. बॉण्डनं तिला लाथ मारून खाली ढकलायची, असं पटकथेत होतं. मूर म्हणाला, हे माझा बॉण्ड करणार नाही. दिग्दर्शक जॉन ग्लेन अडून बसला, कारण त्याच्या डोळ्यांपुढे फ्लेमिंगचा बॉण्ड होता. शेवटी मूरनं लाथ मारली. प्रसंग जबरदस्त झालाय. पण बघताना लक्षात येतं की इथं एका माणसाच्या पायात दुसऱ्याची लाथ आहे. नट आपल्या वाट्याच्या पात्राची बाजू घेऊन मूळ पात्राशी भांडतो, हे दृश्य पडद्यावर फार वेळा दिसत नाही.

मूर हटता हटेना, यालाही कारण निर्मात्यांचीच भीती. १९८३ साली हक्कांच्या जुन्या भांडणातून कॉनरीचा एक सवतासुभा बॉण्डपट येत होता. इकडे ‘ऑक्टोपसी’साठी नव्या नटाच्या चाचण्या झाल्या होत्या, पण समोर कॉनरी म्हटल्यावर नवखा उभा करायची हिंमत झाली नाही. मूरलाच परत बोलावलं. त्या वर्षी जगात दोन अधिकृत-अनधिकृत जेम्स बॉण्ड होते, एक ५५चा, एक ५३चा, आणि दोघेही पोरींच्या मागे पळत होते. आपल्या वाट्याला मूर आला. उदयपूर, कबीर बेदी, रिक्षांचा पाठलाग, आणि टेनिसच्या रॅकेटनं गुंडांना बडवणारा विजय अमृतराज. मूर थांबला तो १९८५ साली, ५७व्या वर्षी. त्याच्याबरोबर बॉण्डच्या साहेबाची सेक्रेटरी मनीपेनी हिचं काम करणारी लोइस मॅक्सवेलही गेली. ती १९६२पासूनची, चौदा चित्रपटांची, आणि मूरच्याच वयाची. पुढचा बॉण्ड आला ४१चा. पुढची मनीपेनी विशीतली. यावर वेगळं भाष्य कशाला हवं?

तरी बायकांच्या वाट्याला आलेल्या बदलांनी या मालिकेचं जितकं भलं केलं तितकं सहा बॉण्डनी मिळून केलं नसेल. मनीपेनीला पहिलं नाव मिळायला पन्नास वर्षं आणि चौथी नटी लागली. नेओमी हॅरिस आली, बंदूक घेऊन आली, चुकून बॉण्डलाच गोळी घातली, आणि मग कळलं की बाईंचं नाव ईव्ह. आणि १९९५ साली बॉण्डच्या साहेबाच्या खुर्चीत जुडी डेंच बसली. तिनं पहिल्याच भेटीत पिअर्स ब्रॉस्ननच्या बॉण्डला तू शीतयुद्धातला बाईद्वेष्टा अवशेष आहेस, अशा अर्थाचं सुनावलं. ब्रॉस्नननं पूर्वीच्यांहून फार वेगळं काही केलं नाही. पण समोरची व्यक्ती बदलली आणि जुन्याच लकबी एकदम जुन्या दिसायला लागल्या. नायकाला हात न लावता नायक बदलायचा असेल तर त्याचा साहेब बदलावा.

मग २००६ साली निर्मात्यांनी पाटी पुसली. क्रेगचा बॉण्ड म्हणजे नुकताच परवाना मिळालेला, पहिलीच कामगिरी. ब्रॉस्नन जणू झालाच नाही. पण साहेब? तीच जुडी डेंच! हिनं शीतयुद्धानंतरचा मुरलेला बॉण्ड हाताखाली वागवला, आणि आता त्याच बॉण्डला ती भरती करून घेतेय. दिग्दर्शकांचं म्हणणं होतं की इतकी चांगली नटी हातची कशाला सोडायची. बरोबरच आहे. कालगणनेपेक्षा जुडी डेंच केव्हाही मोठी.

बिचाऱ्या ब्रॉस्ननचं मात्र वाईट वाटतं. १९८६ साली भूमिका हातात आली होती, तेवढ्यात त्याची बंद पडलेली टीव्ही मालिका वाहिनीनं पुन्हा जिवंत केली आणि करारानं तो अडकला. डाल्टनला मिळाली. नऊ वर्षांनी याची पाळी आली, चार चित्रपट झाले, आणि मग निरोप. पात्र पुढं निघून जातं, चेहरा मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो. २०१६ साली तो चेहरा आपल्या नाक्यानाक्यावर पानमसाल्याचा डबा हातात घेऊन उभा होता. हे उत्पादन काय आहे ते आपल्याला नीट सांगितलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला आणि त्यानं माफीही मागितली. ब्रिटनच्या राणीसाहेबांचा गुप्तहेर आणि डब्यात काय आहे ते कळलं नाही!

आपल्याकडचं रंगभूमीवरचं ‘रिप्लेसमेंट’ हे वेगळं प्रकरण, त्याची इथं गल्लत नको. ‘नटसम्राट’मध्ये डॉ. लागूंनंतर दत्ता भट उभे राहिले, सतीश दुभाषी उभे राहिले, आणि प्रेक्षकांनी कोणाचा बेलवलकर सरस यावर रात्री जागवल्या. पण नाटकातल्या अप्पांना कालच्या प्रयोगातलं काही आठवावं लागत नाही. तिसरी घंटा झाली की आयुष्य पहिल्यापासून सुरू. चित्रपटमालिकेतल्या माणसाला मागचे पाच भाग खिशात घेऊन हिंडावं लागतं, आणि खिसा दर वेळी दुसऱ्याच्या कोटाचा. यावर हिंदीवाल्यांनी काढलेला तोडगा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. रोहित शेट्टीच्या ‘गोलमाल’मधला लक्ष्मण २००६ साली शर्मन जोशी होता, २००८ साली श्रेयस तळपदे झाला, आणि २०१०च्या तिसऱ्या भागात श्रेयसही लक्ष्मण आणि कुणाल खेमूही लक्ष्मण. बदली वगैरे भानगडच नाही, दोघांनाही कामावर घेऊन टाकलं. इंग्रजांना हे सुचलं नाही.

क्रेगनं मात्र पंधरा वर्षांत पाच चित्रपट केले आणि त्यात एक सलग आयुष्य जगून घेतलं. पहिल्यात प्रेमात पडला, दुसऱ्यात त्याचंच सुतक, तिसऱ्यात हात थरथरायला लागले, चौथ्यात ब्लोफेल्ड भेटला. हा ब्लोफेल्ड म्हणजे क्रिस्टॉफ वॉल्ट्झ, आणि तो बॉण्डचा लहानपणीचा मानलेला भाऊ निघाला. साठच्या दशकात ज्यांना एकमेकांचा चेहरा आठवत नव्हता ते आता एका घरात वाढलेले! पाचव्यात बॉण्डला मुलगी झाली आणि तो मेला. कॉनरी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन यांच्यातल्या कोणालाही मरायची परवानगी नव्हती, कारण त्यांच्या मागून येणाऱ्याला तीच खुर्ची, तीच बायको, तीच कबर चालवायची होती. क्रेगच्या बॉण्डचं सगळं त्याचं स्वतःचं होतं, म्हणून त्याला ते बरोबर नेता आलं. आणि मग श्रेयनामावलीच्या शेवटी नेहमीची पाटी: जेम्स बॉण्ड परत येणार आहे. माणसाच्या अंगावरची राख अजून थंड व्हायची आहे, आणि यांची जागा भरण्याची जाहिरात लागलीसुद्धा.

फेब्रुवारी २०२५मध्ये बॉण्डपटांच्या निर्मात्या ब्रॉकली घराण्यानं सर्जनाची सूत्रं अ‍ॅमेझॉनच्या हाती दिली. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्ह, लेखक स्टीव्हन नाइट, एवढं ठरलं. जो तो विचारतोय चेहरा कोणाचा. मला विचाराल तर नाइटसाहेबांपुढचा पेच दुसराच आहे: येणाऱ्याच्या पदरात भूतकाळ कोणाचा घालायचा? मेलेल्याचा घालता येत नाही, त्याच्या आधीच्यांचा क्रेगनंच रद्द करून ठेवलाय. बहुधा सगळ्याला फाटा देतील आणि फक्त गाडी ठेवतील.

कारण या साठ वर्षांत बदली झाली नाही असं एकच पात्र आहे, १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मधली ती चंदेरी अ‍ॅस्टन मार्टिन. तिच्या जागी लोटस आणून बघितली, बीएमडब्ल्यू आणून बघितली, नाही चाललं. आणि आठवण तिची पक्की. ‘स्कायफॉल’मध्ये क्रेग तिला बाहेर काढतो तेव्हा पाटीवर नंबर तोच, जुन्या गाडीतलं माणूस वर उडवणारं आसनही शाबूत. ते बसवलं होतं कॉनरीसाठी. क्रेगचा बॉण्ड तेव्हा हिशेबानं जन्मालाही आलेला नसेल, पण बटण कुठंय हे त्याला बरोबर ठाऊक. पुढे खलनायक त्या गाडीच्या चिंध्या करतो, आणि बॉण्डचा जो चेहरा होतो तो बघण्यासारखा आहे. ट्रेसी गेल्यावर पुढचा अख्खा चित्रपट हूं की चूं न करणारा हाच का तो, असं वाटावं इतका संताप. आणि गाडीही बघा, पुढच्याच चित्रपटात हेरखात्याचा यंत्रकार क्यू याच्या गॅरेजमधून नवीकोरी होऊन बाहेर, नंबरासकट.